हॉवर्ड साहेब आणि गॅब्रिएलबाई

मैत्रिणींनो, कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धत’ आपल्यापैकी अनेकींच्या कानावरून गेली असेल. ती घालून देणारे सर अल्बर्ट हॉवर्ड १८७३ साली इंग्लंडमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी जन्मले. १९०५ मध्ये ते सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बिहारातल्या पुसा इथे आले. शिकवायला आलेला साहेब इथल्या शेतकऱ्यांकडूनच शिकत गेला!

१९२४ पासून होळकरांच्या इंदुरात त्यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते अधूनमधून उलथून, तीन महिन्यांत खत केलं. हे उलथणं फार महत्त्वाचं. हवा मिळाली नाही की ढिगातून मिथेन सुटतो आणि तो पृथ्वीला तापवतो, हे आता आपल्याला कळलंय.

आणि गॅब्रिएलबाई? केंब्रिजला शिकलेल्या, स्वतः शास्त्रज्ञ. पुशाच्या सुधारित गव्हापासून इंदूरपर्यंत नवऱ्याच्या बरोबरीने राबल्या. १९३० मध्ये त्या वारल्या. कंपोस्टचं पुस्तक १९३१ चं. त्यावर नावं हॉवर्ड आणि यशवंत वाड यांची. साहेब १९४७ मध्ये गेले. त्यांचं १९४० चं गाजलेलं पुस्तक मात्र त्यांनी गॅब्रिएलबाईंनाच अर्पण केलंय.