एका डोळ्याचा वैमानिक आणि हवेने भरलेला पोशाख



अंतराळवीर एवढा जाडजूड पोशाख का घालतात, असं चौथीच्या वर्गात विचारलं की सगळा वर्ग एका सुरात सांगतो, तिथे ऑक्सिजन नसतो म्हणून. यंदा एका मुलीने पुढचा प्रश्न टाकला. मग नाकाला नळी लावून भागणार नाही का? दवाखान्यात तिच्या आजोबांना लावली होती तशी. प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर मला एका माणसाच्या आयुष्यात सापडलं, म्हणून आज त्याची गोष्ट सांगते. तो स्वतः कधी अंतराळात गेला नाही. त्याच्या काळात तिथे कुणीच गेलं नव्हतं.

वायली पोस्टचा जन्म १८९८ सालचा, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबातला. पुढे कुटुंब ओक्लाहोमा राज्यात गेलं. शाळेत त्याचं मन रमलं नाही, यंत्रांत मात्र खूप रमायचं. १९१३ मध्ये एका जत्रेत त्याने पहिल्यांदा विमान पाहिलं आणि तेच डोक्यात बसलं. पण विमान विकत घ्यायला पैसा कुठला? तेलविहिरींवर मजुरी करावी लागली. मध्येच पाऊल घसरलं. १९२१ मध्ये वाटमारीच्या गुन्ह्यात त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. साधारण वर्षभरानंतर तो सशर्त सुटला. (हा भाग मुलांना सांगायचा की नाही, यावर आमच्या स्टाफरूममध्ये बराच वाद झाला. मी सांगते.)

सुटल्यावर तो गावोगावी विमानांचे खेळ करणाऱ्या एका मंडळीत पॅराशूटच्या उड्या मारू लागला. १९२६ मध्ये तेलविहिरीवर काम करताना धातूची कपची उडून डाव्या डोळ्यात गेली आणि तो डोळा गेला. नुकसानभरपाईचे जे पैसे मिळाले, त्यातून त्याने चक्क एक जुनं विमान विकत घेतलं! एका डोळ्याने अंतराचा अंदाज नीट येत नाही. एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून बघा, लगेच कळेल. वायलीने झाडं, डोंगर यांच्याकडे बघत अंतर ओळखण्याचा सराव केला आणि विमान जमिनीवर अलगद टेकवायला शिकला.

पुढे तो एका तेल व्यापाऱ्याचा वैमानिक झाला. व्यापाऱ्याच्या मुलीच्या नावावरून विमानाचं नाव होतं 'विनी मे'. याच विमानातून १९३१ मध्ये त्याने दिशादर्शक हॅरॉल्ड गॅटी याला सोबत घेऊन आठ दिवस १५ तास ५१ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारली. १९३३ मध्ये तर एकट्याने, सात दिवस १८ तास ४९ मिनिटांत. एकट्याने विमानातून जगप्रदक्षिणा करणारा तो पहिलाच. बक्षिसं, मिरवणुका, सगळं झालं. पण मला त्याचं खरं काम यानंतरचं वाटतं.

त्याला आणखी वेगाने जायचं होतं. उंचावर हवा विरळ असते, विमानाला अडथळा कमी होतो, म्हणून उंच जायचं. अडचण विमानाची नव्हती, माणसाची होती. बारा किलोमीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या एक पंचमांशापेक्षाही कमी असतो. तिथे नळीतून निव्वळ ऑक्सिजन दिला तरी पुरत नाही, कारण फुप्फुसांतून तो रक्तात जायला दाब लागतो. आणखी वर गेलं की वेगळंच संकट. आपल्या कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर उकळतं. दाब घटला की याच्या उलट. साधारण १९ किलोमीटरवर पाणी आपल्या अंगाच्या उष्णतेवरच उकळायला लागतं. तोंडातली लाळ, डोळ्यांतलं पाणी, सगळं. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हेच. नळी श्वास देते, दाब देत नाही.

मग विमानाच्या आतच दाबाची हवा भरावी? 'विनी मे' लाकडी थरांचं होतं, ते हा दाब सहन करू शकलं नसतं. वायलीने उलटा विचार केला. विमानात हवा कोंडता येत नसेल, तर हवा माणसाभोवतीच कोंडू या!

१९३४ मध्ये तो गुडरिच या रबर कंपनीकडे गेला. पहिला पोशाख चाचणीत फाटला. दुसरा चढवला तोवर स्वारीचं वजन वाढलेलं. तो अंगात असा अडकला, की थंड खोलीत नेऊन कापून काढावा लागला. तिसरा रसेल कॉली या अभियंत्याने बसलेल्या माणसाच्या मापावर बेतला, कारण वैमानिकाला बसूनच काम करायचं. आत हवा धरणारी रबराची पिशवी, तिच्यावर ती फुगू नये म्हणून घट्ट कापड, डोक्याला काचेची गोल खिडकी असलेलं धातूचं शिरस्त्राण. ५ सप्टेंबर १९३४ रोजी शिकागोवर तो ४०,००० फुटांपर्यंत गेला आणि जिवंत परतला. म्हणजे एव्हरेस्टच्याही दहाएक हजार फूट वर! पुढच्या उड्डाणांत त्याला वरच्या थरांतल्या वेगवान वाऱ्याचा झोतही सापडला.

एकदा इंजिन बिघडून तो वाळवंटात उतरला. शिरस्त्राण एकट्याने निघेना, म्हणून तसाच चालत एका माणसाकडे मदत मागायला गेला. तो माणूस भीतीने गारठलाच म्हणतात. गारठेल नाहीतर काय!

१५ ऑगस्ट १९३५. अलास्कात पॉइंट बॅरोजवळ दुसऱ्या एका विमानाचं इंजिन उड्डाणानंतर लगेच बंद पडलं. वायली आणि त्याचा मित्र, प्रसिद्ध विनोदकार विल रॉजर्स, दोघेही गेले. वायली ३६ वर्षांचा होता.

कॉलीने काम सोडलं नाही. फुगलेला पोशाख काठीसारखा ताठ होतो, हात वाकत नाही, ही मोठी डोकेदुखी होती. टोमॅटोच्या झाडावरची अळी अंग वाकवते तरी तिचा फुगीरपणा जात नाही, हे बघून त्याला सांध्यांना वळ्या देण्याची कल्पना सुचली. त्याच्या हाताखाली घडलेला नौदलाचा पोशाख सुधारून 'मर्क्युरी' मोहिमेसाठी घेतला गेला. १९६१ मध्ये ॲलन शेपर्ड तोच घालून गेले. आजच्या पोशाखात अंग थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या आहेत, ऊन, कडाका आणि बारीक अंतराळकण अडवणारे थर आहेत. पण आत मात्र तीच हवेची पिशवी आणि तिला आवरणारं कापड.

हा पोशाख नसेल तर काय होतं, तेही सांगायला हवं. जून १९७१ मध्ये 'सोयुझ ११' यानातले तिघे अंतराळवीर परतत होते. यानात दाटी होती, म्हणून अंगात असे पोशाख नव्हते. एक झडप अवेळी उघडली, हवा निघून गेली. यान व्यवस्थित उतरलं, आत तिघेही मृत होते. तेव्हापासून सोयुझमध्ये चढताना आणि उतरताना दाबाचा पोशाख असतोच. १९८४ मध्ये आपले राकेश शर्मा गेले तेव्हाही होता.

अवकाशात तर ताठरपणाचा त्रास आणखीच. १९६५ मध्ये पहिल्यांदा यानाबाहेर पडलेले लिओनोव्ह यांचा पोशाख इतका फुगला, की आत शिरता येईना. त्यांनी थोडी हवा सोडली, तेव्हा कुठे आत आले.

वर्गात हे दाखवायला एक रबरी हातमोजा पुरतो. तो आधी सैल असताना मुलांना घालून मूठ वळायला सांगा. मग फुंकून घट्ट फुगवा, तोंड बांधा आणि त्याची बोटं मुठीसारखी वाकवायला सांगा. सोडली की परत ताठ होतात. आमच्या वर्गात दोन मोजे फुटले. तिसऱ्यावर त्या मुलीनेच दोऱ्याने बोटाच्या सांध्याशी वळ्या पाडल्या, आणि बोट थोडं वाकलं.