तुटलेल्या टोकांची अभ्यासिका : बार्बरा मॅक्लिंटॉक

विभागण्यापूर्वी पेशी आपल्या डीएनएची हुबेहूब नक्कल करते. या कामात कधी धागा तुटतो, कधी नक्कल अर्ध्यावर अडते. अशा वेळी पेशी विभाजन थांबवते, तुटलेले टोक हुडकते, जवळच्या अखंड जुळ्या धाग्याचा आधार घेते आणि काम पुन्हा सुरू करते. पेशीच्या या जाणतेपणाचा माग आरंभीच्या काळात ज्यांनी काढला, त्यांत बार्बरा मॅक्लिंटॉक यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म १६ जून १९०२ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे झाला. शिकलेल्या मुलीचे लग्न जमणार नाही, या भीतीने आईचा महाविद्यालयास विरोध होता. वडिलांनी पाठिंबा दिला आणि १९१९ साली बार्बरा कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाल्या. १९२७ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. मका हा त्यांचा आयुष्यभराचा विषय ठरला. १९३१ साली हॅरिएट क्रायटन यांच्यासह त्यांनी सिद्ध केले, की जनुकांची अदलाबदल होते तेव्हा गुणसूत्रांचे तुकडेही प्रत्यक्ष बदलले जातात.

पुढे मिसूरी विद्यापीठात त्यांनी तुटलेल्या गुणसूत्रांचा पाठपुरावा केला. तुटलेली टोके एकमेकांस जुळत, विभाजनाच्या वेळी दोन्ही बाजूंनी ताणली जात आणि पुन्हा तुटत. दाण्यातील पोषक भागात हे चक्र चालूच राही. गर्भात मात्र टोके भरून येत. जखम ओळखून ती बुजवण्याची शक्ती पेशीतच असली पाहिजे, हे यातून दिसू लागले.

मिसूरीत बढतीची आशा दिसेना, म्हणून १९४१ साली त्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे आल्या. तेथे तुटक्या गुणसूत्रांच्या अभ्यासातूनच त्यांना जागा बदलणारी जनुकीय घटके सापडली. १९५१ च्या परिसंवादात त्यांनी हे मांडले, तेव्हा बहुतेकांना ते पटले नाही. १९५३ नंतर त्यांनी या विषयावर नियतकालिकांत सविस्तर लिहिणे थांबवले. मक्याचे शेत मात्र सोडले नाही. पुढे जिवाणूंतही अशी घटके आढळली आणि विद्वानांचे लक्ष पुन्हा त्यांच्याकडे वळले.

१९८३ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकटीला मिळाले. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी भर दिला तो आघात झाल्यावर पेशी काय करते, या प्रश्नावर. २ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

गुणसूत्रांची टोके जपणाऱ्या टेलोमरेज या विकराच्या शोधाचा २००९ साली नोबेलने गौरव झाला. अडलेली नक्कल पुन्हा सुरू करताना पेशी धाग्यांच्या अदलाबदलीचीच यंत्रणा वापरते, हेही आता ठाऊक आहे. शाळा-महाविद्यालयांत एखादा प्रयत्न मध्येच अडला, की आपण वही मिटतो. बार्बराबाईंनी वही मिटली नाही. म्हणूनच तुटलेल्या टोकांचे पुढे काय होते, हे त्यांना पाहता आले.