गागोद्याचे आंधळे काका



आपल्या पत्रिकेत आपण बहुधा संतांची चरित्रे वाचतो. या रविवारी आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत ते ख्रिस्ती नव्हते. पण ते आपल्याच जिल्ह्यातले. पेण तालुक्यातील गागोदे या लहानशा गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. जग त्यांना आचार्य विनोबा भावे म्हणून ओळखते. त्या वेळी आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव १९८१ साली आले.

विनोबांचे बालपण गागोद्यात, आजोबांच्या घरी गेले. त्या घरात एक आंधळे गृहस्थ राहत. मुले त्यांना काका म्हणत. घरच्या वडीलधाऱ्यांना मिळे तोच मान त्यांना मिळे, त्यामुळे ते सख्खे नातेवाईक नाहीत हे लहानग्या विन्याला ठाऊकच नव्हते. पुढे वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब बडोद्याला गेले. एके दिवशी गागोद्याहून काका वारल्याचे पत्र आले. नातलगाच्या निधनाची बातमी आली की घरात स्नान करण्याची रीत होती; या वेळी आईने काहीच केले नाही. मुलाने कारण विचारले. तेव्हा आईने सांगितले की ते आपल्या नात्यातले नव्हते, त्यांना कोणाचा आधार नव्हता म्हणून ते आपल्याकडे राहत होते.

एवढीच गोष्ट. पण विनोबा ती म्हातारपणापर्यंत विसरले नाहीत. निराधाराला ओटीवर एक रात्र झोपू देणारी घरे आपल्या कोकणात पुष्कळ होती. इथे मात्र तो माणूस मरेपर्यंत त्या घरात राहिला, आणि तो परका आहे हे घरातल्या मुलालाही कधी जाणवू दिले गेले नाही. आम्हाला यातला दुसरा भाग अधिक अवघड वाटतो.

१९१६ साली विनोबा इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले आणि वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले. त्याच वर्षी ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. १९२१ पासून वर्धा ही त्यांची कर्मभूमी झाली. तुरुंगवास, गीताई, १९४० चा वैयक्तिक सत्याग्रह हे सारे आपण शाळेत वाचले आहे.

१९५१ साली ते पवनारहून पायी चालत हैदराबादजवळच्या सर्वोदय संमेलनाला गेले आणि तिथून तेलंगणात शिरले. जमीनदार आणि भूमिहीन यांच्यातील संघर्षात तिथे रक्त सांडत होते. १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली गावात हरिजन वस्तीतल्या ४० कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांच्या हाती काय होते? त्यांनी सभेतच ती मागणी गावापुढे ठेवली. रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि त्यांनी १०० एकर देऊ केले. त्या रात्री विनोबांना नीट झोप लागली नाही असे सांगतात.

पुढे सुमारे १३ वर्षे हा कृश, पोटाच्या दुखण्याने पीडित माणूस भारतभर चालत राहिला. मागण्याची त्यांची पद्धत साधी होती. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा भूमिहीनाला द्या, असे ते सांगत. आम्हाला इथे गागोद्याचे काका आठवतात. ज्याला नाते नाही त्याला घरचाच धरायचे, हे त्यांनी लहानपणी पाहिले होते.

चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन दान म्हणून जाहीर झाली. ही संख्या ऐकली की आपण भारावतो, पण पुढचेही सांगितले पाहिजे. त्यातली पुष्कळ जमीन खडकाळ किंवा वादातली निघाली. काही दात्यांनी शब्द फिरवला. जाहीर झालेल्या दानापैकी बराच मोठा हिस्सा वाटलाच गेला नाही. ज्यांना जमीन मिळाली त्यांतल्या अनेकांना कागद मिळाला नाही, आणि कागद नसलेल्या गरिबाला हुसकावणे सोपे असते. कागद मिळाला तरी बैल, बी, पाणी कुठून आणायचे? मग सावकार आलाच.

हे विनोबांना दिसत होते. म्हणून भूदानाच्या जोडीला साधनदान आणि कूपदान आले. लोकांनी अवजारे द्यावीत, विहिरी खोदून द्याव्यात. ग्रामदानाची कल्पना तर याहून पुढची. १९५२ साली उत्तर प्रदेशातील मंगरोठ हे पहिले ग्रामदानी गाव झाले. ग्रामदानात जमिनीची मालकी गावाकडे जाते, कसणारा कसत राहतो, पण गावाच्या संमतीशिवाय जमीन बाहेर विकता येत नाही. म्हणजे अडचणीच्या एका वर्षात कुटुंब उघड्यावर पडू नये. जुन्या करारात पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाण्याचा जो जुबिलीचा नियम आहे, त्याच्याशी याचे नाते आपल्या लगेच लक्षात येईल. महाराष्ट्रात १९६४ साली ग्रामदानाचा कायदाही झाला, पण तो प्रत्यक्षात आणणारी गावे फार थोडी. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) हे त्यांतले एक.

आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न जुना झालेला नाही. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कातकरी कुटुंबे दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून दोन-तीन पिढ्या राहत आहेत. दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडाशी परततात. तेव्हा झोपडी जागेवर असेलच याची खात्री नसते. सरकारी घरकुल मंजूर होते आणि पायाखालची जागा नावावर नाही म्हणून अडते. १९४८ च्या कूळकायद्यात शेतमजुराच्या राहत्या घरालाही संरक्षण दिलेले आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. दूर कशाला, आमच्यापैकी काहींच्या वाडीतही अशी झोपडी आहे. त्या घरातल्या बायका आमच्या आयांबरोबर वाडीत राबल्या. नाताळला करंज्यांचा डबा आम्ही तिथे न चुकता पोचवतो. जागेचा विषय मात्र आम्ही कधी काढला नाही, आणि त्यांनीही भीतीपोटी काढला नसावा.

१९५८ साली विनोबांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात इतर धर्मांच्या सोबत्यांना घेऊन गेले. बायबलचा त्यांचा अभ्यास होता. ख्रिस्ती शिकवणुकीचे सार सांगणारा एक संग्रहही त्यांनी केला. नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारी पडल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले. आपल्या श्रद्धेला हा मार्ग मान्य नाही, तरी त्यांच्या मनाची शांती सर्वांनी पाहिली. १५ नोव्हेंबर रोजी, दिवाळीत, पवनारला त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

गागोदे आपल्याकडून सकाळी निघून संध्याकाळी परतण्याइतके जवळ आहे. धर्मशिक्षण वर्गाची मुले दरवर्षी सहलीला कुठे जायचे म्हणून विचारतात. या वेळी त्यांना तिथे नेता येईल, आणि आंधळ्या काकांची गोष्ट त्याच गावात बसून सांगता येईल.