सिंहांचा मास्तर : कार्ल हागेनबेक
(द्वितीय वर्ष, कला)

आमचे आजोबा दरवेश्याच्या अस्वलाची गोष्ट सांगतात. अस्वल नाचायचे ते पायाखाली तापवलेला पत्रा आठवून, असे गावातली जाणती माणसे म्हणत. खरेखोटे देव जाणे. पण मार खाल्ल्याशिवाय जनावर शिकत नाही, हा समज मात्र सार्वत्रिक होता. तो ज्याने मोडला त्या कार्ल हागेनबेकची ओळख वाचकमित्रांना करून द्यावी, असे मनात आले.

हागेनबेकचा जन्म १० जून १८४४ रोजी जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरी झाला. वडील मासे विकत. १८४८ मध्ये कोळ्यांच्या जाळ्यात सहा सील सापडले. वडिलांनी ते लाकडी टबांत ठेवून तिकीट लावले आणि पैसे मिळाले! त्यातून जनावरांचा धंदा उभा राहिला. १८६६ मध्ये तो कार्लच्या हाती आला आणि पुढे जगभरच्या प्राणिसंग्रहालयांना व सर्कशींना हत्ती, सिंह, जिराफ पुरवू लागला.

त्या काळी सिंहाला शिकवायचे म्हणजे चाबूक आणि तापलेली सळई. मिशा जळालेले, तोंडे भाजलेले सिंह कार्लने स्वतः पाहिले होते. त्याने वेगळी वाट धरली. प्रत्येक जनावराचा स्वभाव निराळा, हे त्याने ओळखले. शिकवण्यापूर्वी तो जनावरे पारखून घेई. एकदा एकवीस सिंहांतून चारच निवडले. काम जमले की मांसाचा तुकडा, नाही जमले तर पुन्हा प्रयत्न. असे शिकलेले सिंह रथाला जुंपून घेत. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्याचे खेळ झाले. (आपल्याकडच्या काही शाळामास्तरांनी हागेनबेक वाचायला हवा होता, असे माझे नम्र मत आहे.)

इथवर वाचून मी त्याचा भक्तच झालो होतो. पण त्याच्या चरित्राला दुसरी बाजू आहे. १८७५ पासून तो माणसांचेही खेळ लावू लागला. प्रथम लॅपलँडचे लोक त्यांच्या रेनडिअरांसह आणले, पुढे सिलोनचेही. कुंपणाच्या आत त्यांचा संसार, बाहेर तिकीट काढलेली गर्दी. १८८० मध्ये लॅब्राडोरहून आठ एस्किमो आणले गेले. त्यांच्यातला अब्राहम लिहिता-वाचता होता, व्हायोलिन वाजवी; डोक्यावरचे कर्ज फेडायला म्हणून तो आला होता. तो रोजनिशी लिही. तीत घरची ओढ आहे. या लोकांना युरोपात आल्यावर देवी टोचायला हव्या होत्या. त्या वेळेवर टोचल्या गेल्या नाहीत. जानेवारी १८८१ संपण्यापूर्वी आठही जण देवीने दगावले. त्यांत लहान मुलेही होती. त्यानंतरही माणसांचे खेळ कायमचे थांबले नाहीत.

एकवीस सिंहांचे एकवीस स्वभाव ओळखणाऱ्याला आठ माणसांची साधी काळजी घेता येऊ नये, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. सिंह मेला तर नुकसान त्याचे स्वतःचे होते, हे एक कारण असेल.

७ मे १९०७ रोजी हॅम्बुर्गजवळ श्टेलिंगन येथे त्याने स्वतःची प्राणिबाग उघडली. गजांऐवजी खंदक, पलीकडे मोकळे सिंह. शिवाय शिकवलेल्या जनावरांच्या खेळांसाठी वेगळे सभागृह. पुढे जगभरच्या प्राणिसंग्रहालयांनी खंदकांचे अनुकरण केले. १४ एप्रिल १९१३ रोजी तो वारला. बाग आजही चालू आहे. तिचे जुने प्रवेशद्वार कायम असून त्यावर हत्तींची मस्तके, सिंह आणि पांढरी अस्वले आहेत. त्यांच्याच रांगेत एक अमेरिकन आदिवासी आणि एक न्युबियन योद्धा असे माणसांचे दोन पुतळे उभे आहेत.