सुभाषचंद्र बोस : त्रिपुरीचा कौल

कटक येथे २३ जानेवारी १८९७ रोजी जन्मलेल्या सुभाषबाबूंनी १९२१ साली आय.सी.एस.चा त्याग करून देशकार्य पत्करले. १९३८ साली हरिपुरा काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांना बिनविरोध मिळाले. पुढील वर्षी मात्र डाव्या विचारांचे उमेदवार म्हणून त्यांना लढावे लागले. २९ जानेवारी १९३९ रोजी १५८० विरुद्ध १३७७ मतांनी त्यांनी पट्टाभि सीतारामय्यांचा पराभव केला. तरुण व समाजवादी हर्षभरित झाले. गांधीजींनी तो पराभव स्वतःचा मानला आणि वल्लभभाई पटेलांसह कार्यकारिणीच्या बहुसंख्य सदस्यांनी राजीनामे दिले.

मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरी येथे ५२ हत्तींची भव्य मिरवणूक निघाली. अध्यक्ष तापाने अंथरुणाला खिळल्यामुळे तीत त्यांचे छायाचित्रच होते. रस्त्यावर असा उत्साह ओसंडत असता अधिवेशनात मात्र, कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी, हा गोविंद वल्लभ पंतांचा ठराव संमत झाला. काँग्रेस समाजवादी पक्ष तटस्थ राहिला. ज्यांच्या बळावर विजय लाभला, त्यांतील अनेकांनी ऐन वेळी साथ दिली नाही. २९ एप्रिलला सुभाषबाबूंनी राजीनामा दिला व ३ मे रोजी फॉरवर्ड ब्लॉकची घोषणा केली.

पुढे १९४३ साली त्यांनी आझाद हिंद सेनेचे नेतृत्व स्वीकारले आणि १९४५ च्या विमान अपघातात त्यांचा अंत झाला. पक्षाने नाकारलेले नेतेपद जनतेने मात्र त्यांच्याकडून कधीच काढून घेतले नाही.