पालगडची मोळी

दयाधर्माचे निरूपण चालू असता मोठमोठ्या दानांची उदाहरणे सहज सुचतात. परंतु सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या लीळांत शिकाऱ्यांच्या भयाने आश्रयास आलेला एक ससाही आहे. स्वामींनी त्याचे रक्षण केले. कृती लहान; परंतु साधकाला अहिंसेचा आचार तिच्यातूनच उमगतो. अशाच एका लहान कृतीचे फळ रत्नागिरी जिल्ह्यातील एका सत्पुरुषाच्या चरित्रात पाहावयास मिळते. ते म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, अर्थात साने गुरुजी. ते आपल्या पंथाचे नव्हते. तथापि सद्गुण जेथे दिसेल तेथून तो घ्यावा, यात कमीपणा नाही.

गुरुजींचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. घराणे खोतांचे, पण दारिद्र्य आलेले. माता यशोदाबाई अत्यंत श्रद्धाळू होत्या. उमलण्यापूर्वी कळ्या खुडू नयेत, हा धडा गुरुजींना त्यांच्याकडूनच मिळाला. एकदा अस्पृश्य मानलेली एक वृद्धा मोळी डोक्यावर घेऊ शकत नव्हती आणि विटाळाच्या भयाने कोणी हात लावीना. तेव्हा मातेने मुलाला मोळी उचलून देण्यास सांगितले व घरी आल्यावर स्नान करावयास लावले. हा प्रसंग गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या कारागृहात लिहिलेल्या 'श्यामची आई' या ग्रंथात कथिला आहे.

येथे साधकाने क्षणभर थांबावे. मातेने रूढी मोडली नाही, स्नान सोडले नाही. परंतु रूढीसाठी दयाही सोडली नाही. तिच्या अधिकारानुसार जेवढे शक्य होते तेवढे तिने केले. उरलेले पाऊल पुत्राला टाकावयाचे होते.

पुढे अमळनेरच्या शाळेत शिक्षक असता गुरुजींनी छात्रालयातील मुलांची आईप्रमाणे सेवा केली. आजारी मुलांची शुश्रूषा केली, त्यांची कामेही स्वतःच्या हाताने केली. 1930 साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. 1932 साली धुळ्याच्या कारागृहात विनोबाजींनी श्रीमद्भगवद्गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनी लिहून घेतली. आपणांस परमपूज्य असलेल्या त्या शास्त्राची ही सेवाही अबोलपणे घडली.

1 मे 1947 रोजी पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण आरंभिले. दहा दिवसांनी ते यशस्वी झाले. पालगडला मोळी उचलल्यावर स्नान करावे लागले होते. पंढरपुरी त्या स्नानाचे कारणच नाहीसे व्हावे यासाठी पुत्राने प्राण पणाला लावले. 11 जून 1950 रोजी त्यांचे देहावसान झाले.

मंदिर व मूर्ती यांविषयी आपली धारणा निराळी आहे. परंतु स्त्रीशूद्रादी सर्व जीवांना ज्ञानाचा अधिकार सर्वज्ञांनी सातशे वर्षांपूर्वीच दिला, हे आपण अभिमानाने सांगतो. तो अभिमान खरा केव्हा ठरेल? आपल्या दारी, पंक्तीत वा वाटेवर कोणाचे ओझे अडले असता आपला हात पुढे होईल तेव्हा. वासनिक असो वा भिक्षुक, मोठ्या कार्याची वाट पाहत बसू नये. आज समोर आलेली मोळी उचलावी; तिचे फळ कोठवर पोहोचेल, हे परमेश्वर जाणे.

दंडवत प्रणाम.