गोंडी शब्दांचे संग्राहक : स्टीफन हिस्लॉप

उंदी, रंड, मूंड, नालुंग, सैयुंग ही गोंडी भाषेतील एक ते पाचपर्यंतची गणना होय. आपल्या बालाघाट जिल्ह्यात, विशेषतः बैहरकडील अरण्यप्रदेशात, गोंडांची वस्ती पुष्कळ आहे. त्यांची ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः मुखपरंपरेनेच चालत आली. ती लिहून ठेवण्यासाठी प्रारंभीच्या काळात ज्यांनी परिश्रम घेतले, त्यांत पाद्री स्टीफन हिस्लॉप यांची गणना होते.

त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. धर्मोपदेशक म्हणून ते १८४५ साली नागपुरास आले आणि पुढील वर्षी त्यांनी तेथे शाळा काढली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. अध्यापनाखेरीज खडक व जीवाश्म यांच्या अभ्यासाचाही त्यांना मोठा नाद होता.

गोंडांच्या देवदेवतांची गीते प्रधान जमातीचे गायक परंपरेने गातात. त्यांच्याकडील लिंगो या पुराणपुरुषाचे दीर्घ गीत हिस्लॉप यांनी मिळविले आणि गोंडी शब्दांची यादीही केली. हे काम सोपे नव्हते. गोंडीत त आणि ट हे मराठीप्रमाणेच भिन्न ध्वनी आहेत. रोमन लिपीत मात्र त्यांस वेगळी अक्षरे नाहीत. आपला ‘ताट’ शब्द त्या लिपीत लिहून पाहिल्यास ही अडचण ध्यानी येईल. तरीही अशा याद्यांचे मोल मोठे आहे. रंड, मूंड, नालुंग यांच्याशेजारी तमिळमधील इरंडु, मून्ड्रु, नालु हे शब्द ठेवले की मराठीची शेजारीण असलेली गोंडी द्राविड कुळातील आहे, हे कानालाच कळते.

४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहावयास गेले होते. त्या प्रवासात पूर आलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा अंत झाला. सेहेचाळीस वर्षे पुरी होण्यास चारच दिवस उरले होते. टिपणे अपुरी राहिली. ती नष्टच व्हावयाची; परंतु मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ती संपादून १८६६ साली प्रसिद्ध केली.

पुढे १९१८ साली आपल्याच जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी गोंडीसाठी स्वतंत्र लिपी रचली. २०१७ साली तिला संगणकाच्या युनिकोड व्यवस्थेत स्थान मिळाले.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या वर्गातील गोंड सोबत्याच्या आजीकडून दहा शब्द ऐका आणि जसे ऐकाल तसे वहीत उतरवून ठेवा. हिस्लॉप यांचे अपुरे काम अजून संपलेले नाही.